समुद्राला बोललेले रोडगे

अमडापूरपासून समुद्र फार लांब आहे. आमच्या घरात तो आला तो विहिरीमुळे. काकांच्या मळ्यातल्या विहिरीला खडक लागला, सुरुंग लावूनही पाणी लागेना, तेव्हा काकूने जवळपासच्या सगळ्या देवांना नवस बोलून पाहिले. देऊळगाव राजाचा बालाजी झाला, गावची देवी झाली, चिखलीच्या रस्त्यावरचा मारुतीही झाला. कोणी दाद दिली नाही. शेवटी पाण्याच्या मूळ मालकाशीच बोलावे असे तिने ठरवले आणि विहिरीच्या कडेला पदर पसरून सांगितले की, पाणी लागले तर समुद्राच्या काठावर रोडगे करीन आणि ते होईपर्यंत वांगे तोंडात घालणार नाही. त्याच आठवड्यात पाणी लागले.

रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले. आमच्याकडे नवस फेडायचा तो रोडग्यांनी, आणि रोडग्यांबरोबर वांग्याची भाजी. यात फेरफार करण्याचा अधिकार कोणालाही नाही. देवाला नैवेद्य दाखवायचा, त्या ठिकाणच्या निदान पाच माणसांना जेवू घालायचे, मग घरच्यांनी बसायचे.

विहिरीचे पाणी गोड निघाले. काकांनी त्यावर वांगी लावली. ती इतकी चांगली आली की बाजाराच्या दिवशी बायका आधी आमच्या पाटीकडे येत. काकू ती वांगी तोडी, विकी, त्यांचे गुण सांगे, घरी भाजी करी, आणि स्वतः चटणीशी भाकर खाई. चव घेण्यापुरतीही जिभेला लावत नसे. घरात कोणाला यात काही विशेष वाटले नाही. वांग्याची भाजी असेल त्या दिवशी काका लोणच्याची फोड जरा मोठी घेत, इतकेच.

नवस फेडायला उशीर झाला, त्याचे काकांनी दिलेले कारण भौगोलिक होते. आमचा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याला समुद्र नव्हता. परक्या राज्यात जाऊन चूल मांडणे त्यांना प्रशस्त वाटत नव्हते. पुढे आम्ही द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो. त्या राज्याला समुद्र भरपूर होता, पण ही व्यवस्था टिकायची नाही असे काका म्हणाले, आणि ती टिकली नाही. मग महाराष्ट्र झाला. शाळेत नवा नकाशा लागला. काकू तो मुद्दाम पाहून आली आणि जेवायला वाढताना म्हणाली, "आता तं समुद्र आपलाच हाय नं?"

तरी काकांनी आणखी दोन हंगाम काढले.

अखेर एका फाल्गुनात गहू घरात आल्यावर निघायचे ठरले. होळीची पौर्णिमा आत्याने निवडली. आत्या म्हणजे काकांची थोरली बहीण. नवसाच्या नियमांबाबत तिचा शब्द शेवटचा असे. मी तेव्हा चिखलीत नोकरीला होतो, आणि सामान उचलायला कोणीतरी हवे होते. सामानात मळ्यातली वांगी, घरचा आटा, तुपाचा डबा आणि गोवऱ्यांची दोन पोती होती. समुद्राकडे गोवऱ्या मिळतील असे मी सुचवून पाहिले. तिकडच्या गाई मासे वाळत घातलेल्या जागी चरतात, असे आत्याने ऐकले होते. त्यामुळे आमच्याच गाईच्या गोवऱ्या एसटीच्या टपावर चढल्या. पोत्यांत काय आहे असे कंडक्टरने विचारले, तेव्हा काकांनी देवाचे सामान म्हणून सांगितले. बाकीच्या प्रवासात टपावरून देवाचे तुकडे गळत राहिले.

ते कोकणातले सहलीचे गाव होते. समुद्राला लागून सुरूची झाडे, त्यामागे नारळाच्या वाड्या, आणि वाड्यांमधल्या घरांत पाहुण्यांसाठी खोल्या. आम्ही उतरलो त्या घराच्या मालकीणबाई बोलायला गोड आणि भाड्याला पक्क्या होत्या. त्यांनी पोती पाहिली, वास घेतला आणि ती वाडीच्या टोकाला ठेवायला लावली.

पौर्णिमेला अवकाश होता, म्हणून आम्ही गाव पाहिले. वसंतात तिथे पाहण्यासारखे बरेच असते. शिमग्याची पालखी निघाली होती; ती खांद्यावर घेऊन माणसे नाचत होती आणि पालखी त्यांच्यापेक्षा जास्त नाचत होती. देवाला एवढे हलवणे आत्याला पसंत पडले नाही. शिंपल्यांच्या दुकानात ती शिरलीच नाही. हाडे विकत घ्यायची नसतात, असे तिचे मत पडले. बाजारात पहिले आंबे आले होते. काकांनी भाव विचारला, आंबा हुंगला, परत ठेवला आणि दुकानदाराला वांगी लावण्याचा सल्ला दिला. फोटोच्या दुकानात मागे रंगवलेला समुद्र होता. खरा समुद्र हाकेच्या अंतरावर असताना लोक पैसे देऊन त्या पडद्यासमोर उभे राहत होते. फोटोवाल्याने त्याचे कारण सांगितले: खऱ्याला लाटा असतात, तो एका जागी थांबत नाही. ही माहिती आम्हाला पुढे उपयोगी पडली असती.

किनाऱ्यावर टांगे फिरत. आम्ही एकात बसलो. टांगेवाल्याने बुरूज दाखवला, खाडी दाखवली, सूर्य कुठे बुडतो ते दाखवले. काकांनी वाटेत उतरून समुद्राच्या पाण्याची चूळ भरली आणि लगेच थुंकली. मग म्हणाले, "एवढं पाणी, अन् एका वाफ्याच्या कामाचं नाही." टांगेवाल्याला वाईट वाटलेले दिसले.

काकूने यातले काहीच नीट पाहिले नाही. ती रोज खोलीवर येऊन वांग्यांची टोपली उघडी, नरमलेली वेगळी काढी आणि उरलेली पुन्हा झाकून ठेवी.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो, तर समुद्र तिथे नव्हता. आदल्या संध्याकाळी ज्या ठिकाणी टांगा उभा होता त्याच्याही कितीतरी पुढे ओली वाळू पसरली होती, सपाट, मोकळी, एकही माणूस नसलेली. काका त्या वाळूकडे पाहून हसले. त्यांना गोष्ट उघड वाटत होती. फाल्गुनात पाणी उतरतेच. आमच्या विहिरीचेही उतरते, आणि मिरग लागेपर्यंत वर येत नाही. एवढ्या मोठ्या पाण्यालाही तोच नियम असणार.

मालकीणबाई मागून आल्या होत्या. त्यांनी चूल सुरूच्या झाडांखाली मांडा म्हणून सांगितले. भरती सुरू झाली आहे, आणि आज पुनवेची आहे. काकांनी मान डोलावली. त्या गेल्यावर मात्र ते म्हणाले की, ही चांगली जमीन बाई गाववाल्यांसाठी राखून ठेवून राहिली आहे. आत्याचा मुद्दा वेगळा होता. नवस काठावरचा बोललेला होता. काठ म्हणजे जिथे पाणी संपते तिथे. झाडाखाली केले तर तो झाडाचा नवस होईल.

म्हणून आम्ही काठ गाठला. काकांनी पाण्यापासून दोन वाफ्यांचे अंतर सोडले. गोवऱ्या रचल्या, पेटवल्या. काकूने कणीक मळली, तूप लावून गोळे वळले. बाजूला तीन दगडांवर वांग्यांचे पातेले चढले. आर पडल्यावर रोडगे त्यात दडपले गेले. धूर सरळ वर जात होता. काकूच्या तोंडावर इतक्या वर्षांनी काहीतरी सैल झाल्यासारखे दिसत होते. पातेल्यावरचे झाकण ती कारण नसताना काढून पाहत होती.

काठ आमच्याकडे सरकतो आहे हे प्रथम आत्याच्या लक्षात आले, कारण तिची चप्पल गेली.

काका घाबरले नाहीत. पाणी वळवण्यात त्यांचा जन्म गेला होता. फावडे नव्हते, म्हणून त्यांनी परात घेतली आणि चुलीभोवती वाळूचा बांध घातला, एका बाजूला दार ठेवले, दारातून नाली काढली. पहिली लाट आली, बांधाला लागून नालीत गेली आणि निमूट निघून गेली. काकांनी आमच्याकडे पाहिले. "पाणी कुठलं बी असो," ते म्हणाले, "त्याले वळण लावा लागते."

दुसरी लाट बांधावरून आली. त्यानंतर काका ज्या वेगाने परात चालवत होते, त्या वेगाने मी त्यांना पूर्वी किंवा नंतर काम करताना पाहिले नाही. सुरूखालून सहलीची मंडळी उठून पाहायला आली. टांगे थांबले. आमच्या टांगेवाल्याने नवीन गिऱ्हाईक आणले होते. बुरुजाच्या आधी तो त्यांना आमची चूल दाखवत होता. फोटोवाला पडदा सोडून आला. गर्दीतून काकांना सल्ले येत होते, आणि ते प्रत्येकाला, वाकलेलेच, आपण कुठून आलो ते सांगत होते.

मोठी लाट आली तेव्हा चुलीतून फुस्स असा लांब आवाज झाला. राख, गोवऱ्या, बांध आणि सगळे रोडगे एकदम गेले. काकूने पातेले तेवढे उचलून डोक्यावर घेतले होते. ती गुडघाभर पाण्यातून मागे मागे येत होती आणि पातेल्याला तिने दोन्ही हातांनी धरले होते.

कोरड्या वाळूवर आल्यावर वाद सुरू झाला. काकांच्या मते नवस फिटला. ज्याला बोलले होते तो स्वतः चुलीपर्यंत येऊन जेवून गेला. एवढा मान बालाजीनेही कोणाला दिला नसेल. आत्याला हे मान्य नव्हते. नैवेद्य दाखवलेला नव्हता, पाच माणसे जेवली नव्हती, आणि न वाढता घेणे याला जेवण म्हणत नाहीत. नवस फिटलेला नाही. पुढल्या वर्षी पुन्हा यावे लागेल. पुढल्या वर्षी हा शब्द ऐकून काकांनी परात खाली ठेवली. पुढच्या वर्षीचे काका आम्हाला सगळ्यांना माहीत होते.

काकू पातेल्याचे झाकण दाबून बसली होती. तिथूनच ती म्हणाली,

"त्यानं घेतलं असंन तं घेतलं. नसंन घेतलं तं तो परत टाकंन. संध्याकाळी पाणी उतरलं का पाहू."

संध्याकाळपर्यंत ती खोलीवर आली नाही. पातेले मालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात ठेवून ती सुरूखाली बसून राहिली. ऊन कलले तसे पाणी उतरू लागले, आणि गर्दी पुन्हा जमली, कारण सकाळची बातमी गावात पसरली होती. सगळे वाळूत शोधू लागले. ओल्या गोवऱ्या सापडल्या, त्या कशाच्या आहेत हे न कळता एका पर्यटक बाईने उचलल्या आणि कळल्यावर टाकल्या. आत्याची चप्पल सापडली. रोडगा मिळेना. काकांचा चेहरा खुलत चालला होता, तेवढ्यात टांगेवाल्याने पुढून हाक मारली.

एक रोडगा वाळूत अर्धा रुतून पडला होता. आत्या म्हणाली, "पाहा वयनी, परत केला त्यानं." तिच्या बोलण्यात आनंद नव्हता, पण नियम म्हणजे नियम.

काकूने रोडगा उचलला, पदराने पुसला आणि उजेडाकडे धरून फिरवला. त्याची एक बाजू नव्हती. खेकड्यांनी असेल किंवा आणखी कोणी असेल, अर्ध्याच्या जरा आतपर्यंत तो कोरून खाल्लेला होता. काकूने तो आत्याच्या हातात दिला.

"परत नाही केला," ती म्हणाली. "उष्टा केला. हा परसाद हाय."

आत्याने तो जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला. नैवेद्यातला देव खातो ते दिसत नाही, उरते तो प्रसाद. इथे खाल्लेलेही दिसत होते. असा पुरावा तिच्या पाहण्यात नव्हता. ती म्हणाली, "हाव. हे चालते."

राहिली पाच माणसे. काकूने तिथल्या तिथे निवडली: मालकीणबाई, टांगेवाला, फोटोवाला, शिंपलेवाला आणि आंबेवाला. वाडीत पाने मांडली. त्या अर्ध्या रोडग्याचे तुकडे आधी वाटले गेले. तो दिवसभर समुद्रात होता आणि त्यात वाळू होती. पाचही जणांच्या चावण्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. कोणी तक्रार केली नाही. टांगेवाल्याने तर चव वेगळी आहे म्हणून सांगितले. मग मालकीणबाईंनी भाताचे पातेले आणले आणि काकूने वांगी वाढली.

ते जेवून उठल्यावर आम्ही बसलो. कोणी हात लावत नव्हते. सगळे काकूकडे पाहत होते. तिने वांग्याची एक फोड घेतली, देठापाशी धरली आणि खाल्ली. डोळे मिटून चावली. मग डोळे उघडले.

"मीठच नाही याच्यात," ती म्हणाली.

तिने दुसरी फोड खाऊन खात्री केली आणि सगळ्यांवरून नजर फिरवत काकांपाशी थांबवली.

"दरखेपेले असंच होत होतं?"

काकांनी पानातल्या लोणच्याकडे पाहिले. "हाव."

"मंग इतके वर्षं सांगतलं काऊन नाही?"

"मले वाटलं," काका म्हणाले, "ते बी नवसातच हाय."

काकूने मालकीणबाईंकडून मीठ मागून घेतले, पातेल्यात टाकले, ढवळले आणि सगळ्यांना पुन्हा वाढले. काकांनी त्या रात्री लोणचे पानातच ठेवले. टोपलीत उरलेली वांगी काकूने परतीच्या प्रवासासाठी भाजून घेतली, आणि चिखली येईपर्यंत ती एकटीने संपवली.