धूर गेलेली शेगडी

स्वयंपाकघरात गॅस पेटला की मी उठून खिडकी उघडते. थंडी असो, पाऊस असो. लेक वैतागते. "आई, वाऱ्याने गॅस विझला तर जास्त धोका," म्हणते. तिचं खरं आहे, पण मी ऐकत नाही. मग ती आपल्या मुलांना सांगते, "आजीने मला तान्ही असताना शेगडीच्या वायूतून वाचवलं ना, तेव्हापासूनचं आहे हे." मी खिडकी आणखी थोडी ढकलते.

ती जन्मली तेव्हा, पन्नासनंतरच्या त्या वर्षांत, आम्ही अंबरनाथला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. आमचं घर अगदी टोकाचं, शेजारचं रिकामं, पुढे नुसता माळ. माझी आई मी लहान असतानाच गेलेली, त्यामुळे बाळंतपणाला माहेर असं नव्हतंच. सासूबाई रत्नागिरीला, दम्याने अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचं पत्र मात्र आलं, समासापर्यंत भरलेलं. बाळंतिणीला वारा लागता कामा नये, दार बंद ठेवावं, खिडक्यांच्या फटीत चिंध्या कोंबाव्या, बाजेखाली शेगडी असावी, आणि ती धूर पुरता गेल्यावरच आत आणावी. ते पत्र मी उशाखाली ठेवलं. मला सांगणारं दुसरं होतं कोण?

हे उजाडता कामावर जात ते दिवेलागणीला परतत. कारखान्यात कोणत्या वायूपासून कसं जपायचं याचे धडे हेच कामगारांना देत. घरातली शेगडी मात्र बायकांचा प्रांत. तिच्याकडे यांनी कधी वाकूनही पाहिलं नाही.

मला तेल लावायला आणि शेकायला बेलवलीहून एक म्हातारी चालत यायची. अंगणात शेगडी पेटवून, कोळसे फुलले की आत आणायची आणि दार किलकिलं ठेवायची.

"बाय, दार थोरं उघरं राहूं दे. धूर गेला म्हंजे समदं गेलं नाय. इंगळ डोक्याला लागतात."

मी पडले मॅट्रिक झालेली! "पत्रात बंद ठेवा लिहिलंय, तर ठेवा बंद," असं म्हणून मी तिला तोडून टाकायची. ती हो म्हणायची आणि जाताना दार तसंच ठेवायची. माझा नुसता संताप व्हायचा. पुढे भाताची झोडणी निघाली आणि आठ दिवस येणार नाही म्हणून ती सांगून गेली. मला बरंच वाटलं. आता सगळं पत्राबरहुकूम होणार होतं.

पण ती गेली आणि घर मला खायला उठलं. इतकं एकटं मला आईच्या मागेही वाटलं नव्हतं. दिवसभर माणसाचा आवाज नाही. मी रडायची, मी रडले की लेक रडायची. मायलेकींचा सूर छान जमला होता. एक तेवढी फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या कॅम्पातली सिंधी पापडवाली दोन-तीन दिवसांआड भर दुपारी यायची. दारात टेकून मोडक्या हिंदीत चार शब्द बोलायची. तेवढ्यासाठी मी पापड घ्यायची. घरात डबे भरून पापड झाले होते.

त्या दिवशी गारठा फार होता. मी स्वतः शेगडी पेटवली. धुराची शेवटची रेघ जाईपर्यंत थांबले, निखारे लालबुंद झाल्यावर ती बाजेखाली सरकवली आणि दाराला कडी घातली. मनात म्हटलं, बघा, म्हातारीवाचून काही अडत नाही. थोड्या वेळाने लेक झोपली, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच इतकी गाढ. गालही गुलाबी दिसत होते. शेक मानवला, मी म्हटलं. माझं डोकं जड झालं होतं, मळमळत होतं. रडून रडून होतंय असं वाटलं.

तेवढ्यात लांबून हाक आली, "पापड! पापडवाली!"

मी उठले. पाय आपले नव्हतेच. भिंतीला धरत, मग गुडघ्यांवर, दारापर्यंत गेले. कडी कशी निघाली ते आठवत नाही. उंबऱ्यावर पडल्याचं आठवतं.

डोळे उघडले तेव्हा मी अंगणात होते. पापडवाली लेकीला उताणी धरून तिच्या तळपायांवर टिचक्या मारत होती. लेक रडत नव्हती. ते किती वेळ चाललं कोण जाणे. तिच्या रडण्याला आठ दिवस कंटाळलेली मी, आता रड गं बाई, रड, म्हणत होते. अखेर ती रडली.

"अंदर आग रखके दरवाजा बंद किया? बेटी, बच्ची मर जाती!" पापडवाली ओरडली आणि स्वतःच रडू लागली.

हे येईपर्यंत ती बसून राहिली. तिनेच यांना सांगितलं, मां बच्ची के लिए दरवाजे तक रेंगती आई. यांचे डोळे भरून आले. मग ते ही गोष्ट सगळ्यांना सांगू लागले आणि मी सांगू दिली. झोडणीनंतर म्हातारी परत आली तेव्हा दार मीच सताड उघडून ठेवलं.

लेक आता साठीकडे आली, तरी तिला हे सांगायचं राहिलं आहे. त्या दुपारी मी तिच्यासाठी उठलेच नव्हते. उठताना बाजेकडे वळूनही पाहिलं नाही. दार बंद बघून पापडवाली पुढे निघून जाईल, एवढीच मला भीती वाटली होती.