मनोहरची फ्लॉपी

हसायचं तर खुशाल हसा, फक्त चहा सांभाळा आणि शेवटपर्यंत ऐका. माझ्या हातून आयुष्यात गाढवपणा काही कमी झालेला नाही. एकदा दुसऱ्याचीच स्कूटर घरी घेऊन आलो. एकदा भलत्याच मांडवात जेवलो, वरून जिलेबी दुसऱ्यांदा मागितली. ते सगळं मी मजेत सांगतो. हा एक किस्सा मात्र मजेत सांगता येत नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही प्रताप नगरात राहत होतो आणि मी कळमेश्वरच्या एका कारखान्यात ड्रॉइंग विभागात होतो. कारखान्यात नवे कॉम्प्युटर आले. जुन्यातला एक साहेबांनी मला देऊन टाकला. म्हणाले, "इथं धूळ खात पडण्यापेक्षा घरी ने, सराव कर."

घरी कॉम्प्युटर. त्या काळात. आमच्या गल्लीत तर कुणाकडे फोनही नव्हता. बायकोनं, सुमननं, त्याच्यासाठी क्रोशाचं झाकण विणलं. लोक बघायला येत. मी झाकण काढायचो, बटण दाबायचो आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली की अशा थाटात मागे सरायचो, जणू ती मीच आतून लिहून पाठवली.

त्या मशीनला स्वतःची आठवण नव्हती. सगळं फ्लॉपीवर ठेवायचं. फ्लॉपी म्हणजे पाकिटाएवढी काळी, पातळ, चौकोनी तबकडी. ती खाचेत सारायची, काम झालं की काढून डब्यात ठेवायची.

आता मनोहर. हा माझा दोस्त. त्याच कारखान्यात स्टोअरमध्ये होता. पंधरा वर्षं आम्ही कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसलो, एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं. माझ्या मुलीच्या बारशाला त्यानं पंगतीत वाढलं होतं. त्यांच्या वस्तीत एक वाचनालय होतं आणि ते मनोहर बघायचा. पगार वगैरे काही नाही, आवड म्हणून. तिथल्या हजारभर पुस्तकांची नीट यादी करायचं त्याच्या फार मनात होतं. मीच म्हटलं, "अबे, कागदावर कायले लिहतो? माझ्या मशीनमध्ये टाक. जन्मात हरवणार नाही."

तेव्हापासून दर बुधवारी संध्याकाळी तो सायकलवर यायचा. पिशवीत पुस्तकांची नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या. आमच्या मशीनवर मराठी उमटत नसे, म्हणून मराठी नावं इंग्रजी अक्षरांत लिहायची. दोन बोटांनी तो एकेक अक्षर शोधून दाबायचा. चार महिने हे चाललं. त्याची फ्लॉपी आमच्याच डब्यात असायची. तिच्यावर त्यानं लाल शाईनं "वाचनालय" लिहिलं होतं. एकदा त्यानं विचारलं, "हिची दुसरी नक्कल काढून ठेवू का गा?" मी म्हटलं, "मशीनवर भरोसा नाही का तुले?" त्यानं नक्कल काढली नाही.

मग एका सोमवारी मी पत्र टाइप करत होतो आणि पडद्यावर एक बारीक ठिपका दिसला. चालत होता. कडेला आपटायचा, परत फिरायचा, अक्षरांमधून तिरका जायचा. मला वाटलं काचेवर किडा बसला. मी फुंकर मारली. धोतराच्या सोग्यानं पुसलं. सुमन पेपरची गुंडाळी घेऊन आली आणि तिनं पडद्यावर दोन फटके मारले. ठिपका तिच्या फटक्यातून सहीसलामत निघाला आणि दुसऱ्या कडेला जाऊन आपटला.

"हा आतून आहे," सुमन म्हणाली.

आतून आहे म्हटल्यावर मी थेट भिंतीकडे धावलो. कारण पंधरा दिवसांपूर्वीच पेपरात अर्धा कॉलम आला होता. कॉम्प्युटरलाही व्हायरस होतो, तो कसा ओळखावा वगैरे. मी तो कापून भिंतीवर चिकटवला होता. त्यात लक्षणं दिली होती. मशीन संथ चालतं. आमचं चालत होतं, पहिल्या दिवसापासून. पडद्यावर विचित्र हालचाल दिसते. दिसली. नको ते आवाज येतात. पंखा तर कायमच घरघरायचा. आणि शेवटची ओळ होती, हा व्हायरस बाहेरच्या माणसांच्या फ्लॉपीतून येतो.

आता सांगा, आमच्या घरात बाहेरचं माणूस कोण? बाहेरची फ्लॉपी कुणाची? मी डब्याकडे पाहिलं. लाल शाई दिसली. झाला तपास पूर्ण. पोलिसांनासुद्धा इतक्या लवकर गुन्हेगार सापडत नाही.

बुधवारी उमरेडहून माझे मामा आलेले होते. जुने विणकर, हातमागावर आयुष्य गेलेलं, वय सत्तरीपुढे. ते पुढच्या खोलीत पान लावत बसले होते. मी मशीनसमोर डोकं धरून. तेवढ्यात सायकलची घंटी वाजली. मी ताडकन उठलो आणि मनोहरला दारातच अडवलं.

"थांब गा. आत नको येऊ आज."

"काहून? काय झालं?"

"मशीनले हात नको लावू. तुझा हात लागला अन् सारं खराब झालं. तुझ्याकडूनच आलं आहे हे."

"काय आलं माझ्याकडून?"

"आता कसं सांगू तुले. साऱ्यात पसरून राहिलं. पहिले मी सारं धुऊनपुसून घेतो, मग पाहू."

त्यानं माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. मामा पान चघळत त्याच्याकडेच बघत होते.

"मामा आले का उमरेडचे?" त्यानं विचारलं.

"हो ना. म्हणून म्हणतो, आज नको."

म्हणजे मला म्हणायचं होतं की घरात पाहुणे आहेत, आज मला हे समजावून सांगायला वेळ नाही. बस्स, एवढंच. मनोहरनं चिठ्ठ्यांची पिशवी परत खांद्याला अडकवली. मग म्हणाला, "ठीक आहे." आणि सायकलकडे गेला.

मी लगेच आत येऊन ओल्या फडक्यानं मशीन पुसायला घेतलं. खिडकी उघडी होती. सायकलचं कुलूप काढताना त्यानं मान वर करून पाहिलं. मी हातातलं फडकं त्याला दाखवून मान हलवली. म्हणजे, पाहा, कामाला लागलो आहे.

मामांनी विचारलं, "कोण होता गा?"

"मनोहर. परत पाठवला त्याले."

"बरं केलं," मामा म्हणाले.

मामांना कॉम्प्युटरमधलं एवढं कळतं, याचं मला त्या वेळी फार कौतुक वाटलं.

त्यानंतर मी डब्यातल्या सगळ्या फ्लॉप्या एकेक करून कोऱ्या केल्या. मशीन प्रत्येक वेळी विचारायचं, सगळं पुसलं जाईल, चालेल का? मी "होय"चं बटण दाबायचो. वाचनालयाच्या फ्लॉपीला तर जरा जोरातच दाबलं. एक तेवढी सोडली. तिच्यावर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ होता. ती माझी स्वतःची होती, घरची. तिला काय होणार?

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मनोहर पुढे ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसला. शुक्रवारीही तेच. मी मनात म्हटलं, बिचाऱ्याला लाज वाटून राहिली. आपल्यामुळे दोस्ताचं मशीन बिघडलं म्हणून तोंड लपवतो. मग मी काय केलं असेल? शनिवारी मी स्वतः उठून त्याच्या शेजारी गेलो. मोठ्या मनानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "मनात नको ठेवू गा. मी माफ केलं तुले."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तू मले माफ केलं?"

"हो. तुले काय माहीत होतं? घरून आलं असेल तुझ्या."

तो खिडकीबाहेर बघू लागला. कळमेश्वर येईपर्यंत बघत होता. मी समाधानानं माझ्या जागेवर परत आलो.

सोमवारी ठिपका परत आला.

आता मात्र मी घाबरलो. फ्लॉप्या कोऱ्या, मनोहर बंद, तरी हा कुठून आला? कारखान्यात मशीन दुरुस्त करायला एक बाई यायच्या, त्यांना मी हातापाया पडून घरी बोलावलं. त्यांनी स्वतःची एक फ्लॉपी लावली, पाच-दहा मिनिटं काहीबाही दाबलं आणि विचारलं, "मशीन सुरू करताना कुठली फ्लॉपी लावता?"

"कामाच्या वेळी कामाची. संध्याकाळी जरा विरंगुळा म्हणून ही खेळाची."

"ही कुठून आणली?"

मी सुमनकडे पाहिलं नाही. "हिशेब विभागातल्या एकाकडून. जेवणाच्या सुट्टीत नक्कल करून घेतली."

"मग व्हायरस हिच्यातच आहे. ही लावून मशीन सुरू केलं की तो आत बसतो, आणि नंतर लावाल त्या प्रत्येक फ्लॉपीवर चढतो. दुसऱ्या कुणाच्या फ्लॉपीवर चढला असेल तर तुमच्याकडूनच गेला." मग हसून म्हणाल्या, "पण घाबरू नका, हा निरुपद्रवी आहे. ठिपका दाखवतो फक्त. मजकुराला धक्का लागत नाही. दोन मिनिटांत निघतो."

"मी बाकीच्या साऱ्या पुसल्या," मी म्हटलं.

"पुसल्यात? कशाला?"

मी भिंतीवरचं कात्रण दाखवलं. त्यांनी खेळाची फ्लॉपी साफ करून दिली, चहा घेतला आणि गेल्या. जिच्यात रोग होता ती तेवढी शाबूत राहिली. मनोहरचे चार महिने मी माझ्या हातानं पुसले होते.

सुमन हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "तरीच. काल गांधीबागेत मनोहरभाऊंची शांताबाई दिसली मले. मी हाक मारली तर ओळख न दाखवता निघून गेली. तुम्ही त्या दिवशी दारात नेमकं काय बोललात?"

मी आठवून आठवून सगळं सांगितलं. आत नको येऊ. हात नको लावू. तुझा हात लागला अन् खराब झालं. धुऊनपुसून घेतो. मामा आले, म्हणून आज नको.

सुमन खाटेवर बसली. "अन् मग फडकं दाखवलं त्यायले?"

"हो."

"तुम्हाले ऐकू येऊन राहिलं का, तुम्ही काय बोलले ते?"

तेव्हा आलं. मनोहरच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. असल्या दारांमध्ये उभं राहून असलं बोलणं ऐकायचं नाही, म्हणूनच घेतली होती. पंधरा वर्षांत आमच्यामध्ये हा विषय कधी निघाला नव्हता, आणि मला वाटायचं, निघाला नाही म्हणजे तो संपला. मामांचं ते "बरं केलं" मला आत्ता कळलं. आणि वरून बसमध्ये मी त्याला काय म्हणालो, तर घरून आलं असेल तुझ्या. माझे कान इतके तापले की मी मोरीत जाऊन डोक्यावर पाणी घेतलं.

रविवारी मी मनोहरच्या घरी गेलो. शांताबाईंनी दार उघडलं आणि खुर्ची दिली. मनोहर समोर बसला. मी सुरू केलं. व्हायरस म्हणजे काय, तो कुठे बसतो, खेळाची फ्लॉपी, कामाची फ्लॉपी, कुठून कुठे गेला. कागद मागवून चित्रसुद्धा काढलं. बाण काढले. ड्रॉइंगवाला माणूस मी, पट्टी मागवून बाण सरळ केले. पाऊण तास बोलत होतो. चहा आला, तो पिऊन झाला. मनोहरनं सगळं ऐकलं, चित्र नीट पाहिलं. मी मोकळा होऊन उठलो, दारात आलो आणि एका पायात चप्पल घातली.

शांताबाई मागून म्हणाल्या, "भाऊजी, व्हायरस समजला आमाले. तुम्ही माफी मागाले आले होते ना?"

मी आठवून पाहिलं. मागितलीच नव्हती. पाऊण तासात मशीनची सगळी बाजू मांडून झाली होती, माझी तेवढी राहिली होती.

मग तिथेच उभा राहून मागितली. शब्द काही धड आले नाहीत. मनोहर म्हणाला, "यादीचं नाही गा. यादी अजून लिहता येते. मी घरी येऊन हिले सांगतलं नाही दोन दिवस. काय सांगू? कोणाच्या दारातून परत आलो म्हणू?"

मी म्हटलं, "मी टाइप करून देतो सारी. रात्रंदिवस बसतो."

"नको. मी वहीत लिहतो. तू येऊन नावं वाच."

मग मी दर रविवारी वाचनालयात जाऊ लागलो. फळीवरून एकेक पुस्तक काढायचो, नाव वाचायचो, आणि मनोहर जाड वहीत ते सुंदर अक्षरात लिहायचा. बसमध्येही तो पुन्हा शेजारी बसू लागला. आमच्या घरी मात्र आला नाही. पुढे मुलीच्या लग्नाला आला, पण लग्न कार्यालयात होतं.

पाचव्या-सहाव्या रविवारी मला राहवलं नाही. हातात पुस्तक धरून मी विचारलं, "मनोहर, आता मनात काही नाही ना गा?"

त्यानं वहीतून मान वर केली, थोडा विचार केला आणि म्हणाला, "आहे. तू वाच पुढचं."

मी पुढचं वाचलं.