तीन किलोचं बाळ

जीवन कौशल्यांचा विषय माझ्याकडे आला तो माझ्या लायकीमुळे नव्हे. त्या वर्षी नववीची एक तुकडी कमी झाली आणि माझे आठवड्याचे तास घटले, एवढंच त्याचं कारण. मी गणिताचा मास्तर. पंचवीसहून जास्त वर्षं बीजगणित आणि भूमिती सोडून दुसरं काही शिकवलं नव्हतं. जूनमधल्या पहिल्या सभेत मुख्याध्यापकांनी वेळापत्रक पुढे सरकवलं आणि म्हणाले, "सर, शुक्रवारचा चौथा तास तुमचा. अभ्यासक्रमात नव्यानं घातलंय. बाळाची काळजी, घरातली कामं, राग आवरणं, आईबाप होणं म्हणजे काय, असं सगळं आहे त्यात."

"हे मॅडमना द्या की," मी म्हणालो.

"मॅडमचे तास भरलेत. आणि बाईमाणसानंच का शिकवायचं? पोरांना बघू दे की जरा पुरुषानं शिकवलेलं."

शिक्षकखोलीत सगळे हसले. मीही हसलो, पण घरी येऊन त्या विषयाची आठ पानांची झेरॉक्स वाचायला घेतली तेव्हा घाम फुटला. पुस्तक अजून आलं नव्हतं. 'नवजात बालकास हाताळणे : प्रात्यक्षिक' असं दुसऱ्याच पानावर लिहिलेलं. माझी स्वतःची मुलगी तिशीला आलेली, पण ती जन्मली तेव्हा मी कोकणात नोकरीला होतो. अकरा वर्षं तिकडं काढली. बायको आणि मुलगी सांगलीत. मी दिवाळीला यायचो आणि मे महिन्यात यायचो.

आमची शाळा म्हसवडच्या पुढे, माळावरच्या एका गावात. पहिल्या शुक्रवारी मी पोषण आहाराच्या कोठीतून तीन किलो तांदूळ मोजून घेतले, पिशवीत घट्ट बांधले, वर माझा टॉवेल गुंडाळला आणि नववीच्या वर्गात गेलो. "हे बाळ," मी म्हणालो. "जन्मलेलं बाळ साधारण एवढ्या वजनाचं असतं. प्रत्येकानं एकदा घ्यायचं."

पोरांनी धिंगाणा केला. एकानं पिशवी खांद्यावर टाकली, दुसऱ्यानं बगलेत मारली. मागच्या बाकावरनं एकानं विचारलं, "सर, तुमी घातली व्हती का तुमच्या पोरीला आंघोळ?"

"घातली की," मी म्हणालो. विचारही न करता खोटं बोललो.

पिशवी फिरत फिरत मुलींच्या शेवटच्या बाकावर गेली. तिथं एक मुलगी बसायची, जिच्याबद्दल माझं मत फारसं बरं नव्हतं. धनगरवस्तीवरची. आठवीत असताना फेब्रुवारीनंतर ती निम्मे दिवस शाळेत नव्हती. मी तिला दोनदा वर्गात उभं करून म्हणालो होतो, "शाळा म्हणजे धर्मशाळा आहे का, वाटलं तेव्हा यायला?" तिनं कधी उत्तर दिलं नव्हतं. तिच्या वहीत माझी लाल शाई जास्त आणि तिची निळी कमी.

तिनं पिशवी घेतली आणि आधी तिचा एक हात टॉवेलच्या वरच्या टोकाखाली गेला. "सर, मानंला हात द्यावा लागतो," ती म्हणाली. "ह्यांनी समद्यांनी बाळाची मान मोडली."

वर्ग हसला, पण ती हसली नाही. मी तिला पुढं बोलावलं. ती फरशीवर पाय पसरून बसली, नडग्यांवर ती पिशवी पालथी घातली आणि दाखवायला लागली. पाणी आधी आपल्या कोपरावर ओतून बघायचं. डोक्यावर पाणी घेताना कपाळाशी हाताचा आडोसा धरायचा, म्हणजे नाकातोंडात जात नाही. पुसताना काखेत आणि मानेच्या वळीत पाणी राहू द्यायचं नाही. दंगा करणारी पोरं बाकांवर गुडघे टेकून बघत होती. एवढी शांतता माझ्या गणिताच्या तासाला कधी नव्हती.

मला फार आनंद झाला, आणि त्या आनंदात मी विचारलं, "तुला हे सगळं कुठनं आलं गं?"

तिनं सांगितलं. फेब्रुवारीत तिला भाऊ झाला. वडील मेंढरं घेऊन कोकणात उतरलेले. आई सव्वा महिन्यानं डाळिंबाच्या बागेत कामाला जायला लागली, तेव्हापासून दिवसभर बाळ हिच्याकडं. मी आणखी विचारत गेलो. कधी आजारी पडलं का? तेव्हा काय केलंस? ती थोडी थांबली. मग म्हणाली, उन्हाळ्यात त्याला जुलाब झाले, डोळे आत गेले, रडायचा आवाजही निघेना. आई कामावर. ती त्याला उचलून उन्हातनं चालत उपकेंद्रात घेऊन गेली. तिथल्या नर्सताईंनी पाकिटातलं औषध पाण्यात कालवून चमच्यानं पाजायला लावलं, आणि पाकीट नसलं तर घरी काय करायचं तेही सांगितलं. लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

मी ते फळ्यावर लिहिलं. पोरांनी वहीत उतरवून घेतलं. शिक्षकखोलीत जाऊन मी चहा पिता पिता सगळ्यांना ही हकिगत सांगितली आणि म्हणालो, "विषय वाटला तेवढा वाईट नाही हं." त्या दिवशी मी स्वतःवर खूश होतो.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारी, बुधवारीही नाही. गुरुवारी मी तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीला विचारलं. ती पायानं फरशी उकरत म्हणाली, "तिच्या वडलांनी शाळा बंद केली सर."

"का?"

"तुमच्या तासामुळं."

शाळा सुटल्यावर मोटरसायकल घेऊन वस्तीवर गेलो. वाटभर मनात उत्तरं तयार करत होतो. मला वाटलं, बाप म्हणणार, पोरांसमोर पोरीला फरशीवर बसवून आंघोळ घालायला लावता काय! त्यावर मी अभ्यासक्रमाचा कागद काढणार होतो. तो खिशात घेतलाही होता.

वडील घरासमोर मेंढरं कोंडायच्या वाघरीची जाळी दुरुस्त करत बसले होते. पावसाळ्याच्या तोंडावर कोकणातनं परत आलेले. मला बघून उठले, खाट पुढं ओढली. "बसा सर," म्हणाले, आणि पुन्हा जाळी विणायला लागले. दारात मुलगी उभी होती, कडेवर बाळ.

"पोरगी शाळेत येईना, म्हणून आलो," मी म्हणालो.

"माझं पोर मरायला टेकलं व्हतं सर," ते जाळीकडंच बघत म्हणाले. "आन् मला ते कळलं कुठं? ष्टँडवर, चहाच्या गाड्यावर. तिथं बसलेला माणूस म्हणतो, तुझं पोरगं वाचलं रं गड्या, पोरीमुळं. लोकास्नी ठावं, शाळंतल्या पोरास्नी ठावं, तुमास्नी ठावं. बापाला ठावं न्हाई."

ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. घरातल्यांनी ती त्यांना सांगितलेलीच नव्हती.

आतून मुलीची आई बाहेर आली. "आवं, मीच म्हनलं पोरीला सांगू नगं," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमी तिकडं खाली. यायचं म्हनलं तर मेंढरं कुनावर सोडणार? जिवाला घोर कशाला लावायचा? तवर बरं बी झालं लेकरू."

"माझ्या जिवाला घोर लागला असता तर लागू द्यायचा व्हता," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. त्यांनी मुलीकडं बघितलं. "आन् मला सांगितलं न्हाई ते वर्गात सांगितलंस."

"सरांनी इचारलं," ती म्हणाली. "म्हनून सांगितलं."

त्या एका वाक्यानं मी खाटेवर बसल्या बसल्या लहान झालो. तिनं माझ्याकडं तक्रारीनं बघितलंही नाही. मास्तरांनी विचारलं तर उत्तर द्यायचं, हे तिला आम्हीच शिकवलेलं.

"चूक तिची नाही, माझी आहे," मी म्हणालो. "घरातली गोष्ट चारचौघांत विचारायची नसते, एवढं मला कळायला पाहिजे होतं. ती सांगताना थांबली होती. तरी मी विचारत राहिलो."

त्यांनी जाळीची एक गाठ ओढून घट्ट केली. मग विचारलं, "ह्यो इषय तरी कसला म्हनायचा? आईबाप व्हायला शाळा लागती व्हय?"

"मला लागली असती," मी म्हणालो. आणि का कोण जाणे, सगळं सांगून टाकलं. माझी लेक जन्मली ते मला टपालानं कळलं. तिला पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती दोन महिन्यांची होती, आणि मी हातात घ्यायला गेलो तर सासूबाई म्हणाल्या, राहू द्या, तुमच्या हातात नाही राहायची ती. मग मी राहूच दिलं. अकरा वर्षं कोकणात होतो.

त्यांनी जाळीतनं हात काढला. "मग तुमी बी खालीच व्हता की!" म्हणाले, आणि पहिल्यांदा थोडं हसले.

चहा आला. चहा पिताना त्यांनी मला विचारलं, पोरगं सुकलंय हे वेळेवर ओळखायचं कसं. मी खिशातला कागद काढायला लागलो, तेवढ्यात मुलगीच बोलली. तोंड कोरडं पडतं, लघवी कमी होते, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच खाली बसत नाही. वडील उठले. वाघरीतलं एक कोकरू उचलून आणलं, त्याच्या मानेची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. "ह्येच की गं. कोकराला हगवण लागली की आमी ह्येच बघतो," म्हणाले. मग कोकरू खाली ठेवून त्यांनी तिच्या कडेवरचं बाळ स्वतःकडं घेतलं. उगाच, बघायचं काही नव्हतं तरी.

मी निघालो तेव्हा मुलीला पाठवतो असं ते म्हणाले नाहीत. "बघू," एवढंच म्हणाले. सोमवारी ती आली.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी माझ्या लेकीला फोन केला. ती शिरवळच्या कारखान्यात कामाला आहे, जावईही तिथंच, आणि त्यांची मुलगी तेव्हा काही महिन्यांची. मी तिला विचारलं, "लहानपणीचा मी तुला कसा आठवतो गं?"

ती म्हणाली, "हे काय मध्येच, बाबा?" मग म्हणाली, "तुम्ही आलात की पाढे म्हणावे लागायचे. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी आई माझ्याकडनं एकोणतीसपर्यंत घोकून घ्यायची. एकदा मी चुकले नाही म्हणून तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवला होता. ते आठवतंय." ती हे हसत सांगत होती. मीही हसलो.

पुढच्या शुक्रवारी मी वर्गाला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, की मी माझ्या मुलीला कधी आंघोळ घातलेली नाही, त्या दिवशी खोटं बोललो होतो. पोरं चपापली. ज्यानं विचारलं होतं तो म्हणाला, "राहू द्या सर, आमच्या बापानं बी न्हाई घातली." दुसरी गोष्ट म्हणजे, या तासाला कुणी कुणाला स्वतःच्या घरातलं विचारायचं नाही. मीसुद्धा नाही. एखाद्याला स्वतःहून सांगायचं असेल तर आधी घरी विचारून यायचं. बाकीच्या वेळी आपण एक घर बनवू, त्यात चार माणसं राहतात असं धरू, आणि त्यांच्या अडचणी सोडवू. पोरांनी ते घर फळ्यावर काढलं. वर्षभर त्या घरात काय काय झालं! आजोबा पडले, पोरगं नापास झालं, बाप रागानं ताट फेकून उठला आणि मग काय करायचं यावर दोन तास वाद झाला. तिथं त्या मुलीनं फार तोंड उघडलं नाही. पण दुपटं बांधायला पोरांना शिकवायची वेळ आली तेव्हा तिनंच शिकवलं, आणि न जमणाऱ्याला "आता बाळ पडलं, उचल" असं म्हणून पुन्हा करायला लावलं.

तिच्या वडिलांना मी एकदा वर्गात या म्हणालो होतो. त्यांनी कानाला हात लावला. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघायच्या आधी मात्र ते शाळेच्या फाटकाशी आले, माझा नंबर मागून घेतला आणि म्हणाले, "घरात काय झालं तर पोरगी मला फोन करणार हाय. तसं ठरलंय आमचं. माझा लागला न्हाई तर तुमाला करंल." हिवाळ्यात एकदाच तिचा फोन आला, बाळाला ताप होता. वडिलांना लागला होता, मला फक्त सांगून ठेवलं.

गणितात ती काठावर पास झाली. मी मार्क वाढवले नाहीत. पण आदल्या वर्षी तिला वर्गात जे बोललो होतो त्याबद्दल तिची माफी मागितली, एकटी असताना. ती "असू द्या सर" म्हणाली आणि पळाली.

मे महिन्यात शिरवळहून लेकीचा फोन आला. नातीचं पाळणाघर आठवडाभर बंद होतं. बायकोचा गुडघा दुखत होता, तिला प्रवास झेपणारा नव्हता. "मी येतो," मी म्हणालो. मग ती म्हणाली, "एकटे?"

नात सव्वा वर्षाची. पहिल्या दिवशी तिनं मला बघून दोन तास रडून काढले. दुसऱ्या दिवशी खिचडी करपली. तिसऱ्या दिवशी मी बाथरूममध्ये पाय पसरून बसलो, कोपरावर पाणी ओतून बघितलं आणि तिला नडग्यांवर घेतली. ती माझ्या नडगीवरचे केस ओढत राहिली. पाणी माझ्याच अंगावर जास्त गेलं.

लेक कामावरून आली तेव्हा पोर दुपट्यात गुंडाळून माझ्या मांडीवर झोपलेली होती. ती दारातच चपला काढायची थांबली.

"आंघोळ कुणी घातली?"

"मी."

तिनं जवळ येऊन पोरीच्या मानेच्या वळीत बोट घातलं, कोरडी आहे का बघितलं. मग आत गेली आणि दोघांसाठी चहा टाकला.