पाचवा खडा

आमचं जुनं गाव धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमच्या जुन्या शेताचा उंचवटा तेवढा बेटासारखा वर येतो. मायचा कितीक वर्षांपासून एकच धोशा, "मले तिथले पाच खडे आणून दे." कापूस वेचणी सुरू करताना आम्ही शेतात पाच खडे मांडून दहीभात वाहतो, सीतादही म्हणतात त्याला. नव्या शेतातले खडे तिला आपले वाटतच नव्हते.

गेल्या चैत्रात मी वैतागून एका मासेमार भोयाचा डोंगा ठरवला आणि तिला घेऊन निघालो. मला पाण्याची भीती वाटते, हे मी कोणाला सांगत नाही. डोंगा जरा हलला की मी काठ धरायचो, आणि माय आपली निवांत सुपारी चघळत बसलेली. डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून बेटाशी पोचल्यावर ती डोंग्यातच थांबली. "पाहून आणजो, घाई करू नको," म्हणाली.

मी पाय ठेवला आणि पन्नासेक सुरय पक्षी अंगावर आले. पांढरे, पिवळ्या चोचीचे, थेट टाळूवर झेपावणारे. मागून भोई म्हणाला, "भाऊ, खाली पाहून चाला, अंडे हायेत." काय पाहणार, कप्पाळ. एका हातानं डोकं झाकलं, दुसऱ्यानं पाच खडे उचलले, रुमालात बांधले आणि पळत आलो.

डोंगा निम्म्यात आला तेव्हा मायनं रुमाल सोडला. एकेक खडा बोटांनी चाचपला. पाचव्याशी थांबली.

"हे त अंडं हाय रे."

मातकट, ठिपक्याठिपक्यांचं, हुबेहूब खड्यासारखं. मला स्वतःचाच राग आला, पण चिडलो तिच्यावरच. "जाऊ दे न माय. तिथं ढीगभर पडले हायेत."

"आपल्याले गावातून उठवलं तवा लोक असंच म्हणत होते," ती म्हणाली. मग भोयाला, "डोंगा फिरव बापा."

परत गेलो. जमिनीवर खळगेच खळगे, सगळे सारखे. हे कुठून उचललं ते मला काय आठवणार? पक्षी पुन्हा डोक्यावर. दिसला त्या रिकाम्या खळग्यात अंडं ठेवलं आणि मागं न बघता डोंग्यात येऊन बसलो.

"बसली का पाखरीण त्याच्यावर?" मायनं विचारलं.

"बसली."

दिवाळीनंतर सीतादहीला मायनं चारच खडे मांडले. पाचव्याची जागा मोकळी ठेवली आणि वेचायला आलेल्या बायांना कौतुकानं सांगत राहिली, पाखरीण कशी लगेच येऊन बसली, पोरानं डोळ्यांनी पाह्यलं. मी हातातला दहीभात तसाच ठेवला आणि उठून एकटाच कापूस वेचायला लागलो.