खांद्याला पाटाचं पाणी

दोन हजार तेवीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. निदान आधार कार्ड तसं म्हणतं, आणि सरकारशी मी वाद घालत नाही. त्या साली संक्रांतीच्या सुमाराला माझा उजवा खांदा आखडला. हात कानापर्यंत जाईना. टोपी घालायची तर टोपी हातात धरून डोकंच खाली न्यावं लागायचं.

एरवी मी फिकीर केली नसती. हात वर करून मला कुठं ग्रामसभेत मत द्यायचं होतं? पण चैत्रात आमच्या गावची, वरकुट्याची जत्रा. देवळापुढं धनगरांच्या गजी नाचाचा ढोल उभा राहिला की पहिला ठोका आमच्या घराचा. ढोल गळ्यात घ्यायचा, काठी डोक्यावर उंच न्यायची, चांगभलं होईपर्यंत तशीच धरायची, मग हाणायची. वाडवडील मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे तेव्हापासूनचा हा मान. मेंढरं गेली, ऊस आला, मान राहिला. मान थोरल्याचा, थोरल्याचा हात उठला नाही तर धाकट्याचा.

धाकटा भाऊ शेजारीच राहतो. माझ्या तब्येतीची त्याला फार काळजी. रोज कुंपणापलीकडून विचारायचा, "दादा, हात कुठं हाय?"

"खांद्यालाच हाय अजून."

"न्हाय, झेपत नसंल तर सांगा. मी हायेच."

एवढा प्रेमळ भाऊ शत्रूलासुद्धा मिळू नये.

बायकोनं मला बारामतीला दवाखान्यात नेलं. नातीच्या वयाची डॉक्टरीण. मला वाटलं सुई देईल, एखादं मोठं यंत्र लावील. तिनं मला भिंतीपुढं उभं केलं. म्हणाली, "आबा, बोटं भिंतीवर टेकवा. आता मुंगीसारखी वर चालवा. दुखलं की थांबा. थोडंच करा, पण रोज करा."

भिंत आमच्या घरीही होती. तिच्यासाठी एसटीनं बारामतीला कशाला यायचं, हे मी बोललो नाही. बायको शेजारी उभी होती.

रोज! हा शब्द मला लहानपणापासून पटत नाही. शाळेतही रोज यायचं म्हणे. म्हणून तिसरीतच आमचं फाटलं.

घरी आल्यावर बायकोनं माझी बोटं पोचली तिथं भिंतीवर कोळशाची रेघ ओढली. दोन दिवस मी मुंगी चढवली. रेघ जागेवरच. मग मी माझी अक्कल चालवली. आमच्या भागात पाटाचं पाणी काय रोज येतं? पाळी आली की सरी तुडुंब भरून घ्यायची, मग पुढच्या पाळीपर्यंत ऊस मुकाट उभा. त्याच उसावर कारखाने चालतात. खांदा काय उसापेक्षा मोठा लागून गेला? मी रविवार धरला आणि आठवड्याचा सगळा व्यायाम एका दमात उरकला. दात आवळून बोटं रेघेच्या वर टीचभर नेली आणि बायकोला हाक मारून दाखवली.

संध्याकाळी खांदा सुजला. जेवताना बायकोनं घास भरवला. भाऊ विचारपूस करायला आला, आणि जाता जाता ढोलाची काठी कुठं ठेवलीय तेही विचारून गेला.

पुन्हा बारामती. डॉक्टरीण म्हणाली, "आबा, रोज करता ना?"

"व्हय. रविवारी."

बायकोला गप्प बसवेना. "पाटकरी हायत ह्ये. खांद्याला पाणी तुंबवलं त्यांनी. पोरानं रानात ठिबक बसवलं तवा बी असंच म्हनायचे, थेंबाथेंबानं कुठं ऊस येतो व्हय? आता पावण्यांना त्योच फड दावत फिरत्यात, माझी कल्पना म्हनून."

डॉक्टरीण कागदात तोंड घालून हसली.

त्या दिवसापासून घरात नवा कायदा आला: आधी भिंत, मग चहा. मी रोज केलं, पण चिडून केलं. रागानंही खांदा सुटतो, हे डॉक्टरांच्या पुस्तकात नसावं. रेघ इतकी सावकाश चढायची की भिंतीवरची पालसुद्धा वाट सोडायला उठत नव्हती. चांगल्या सवयीची हीच खोड. आज मोडली तर आज काही बिघडत नाही, आणि आज पाळली तरी आज काही दिसत नाही. अशा वस्तूला बाजारात गिऱ्हाईक कसं मिळणार?

जत्रेला भाऊ नवा सदरा घालून अगदी माझ्या कोपराशी उभा राहिला. ढोल गळ्यात आला. मी काठी उचलली. कानापाशी खांदा अडला, कळ निघाली, मग हात सुटला आणि टोपीच्या वर गेला. पहिल्यासारखा सरळ नव्हे, कोपरात वाकडा, पण वर. चांगभलं म्हणणाऱ्यांनी त्या वर्षी जरा जास्तच लांबवलं. भंडारा उधळला, आणि मी ठोका हाणला.

भाऊ कानाशी म्हणाला, "दादा, म्होरल्या वर्षी बी तुमीच का?"

"तुझ्या तोंडात साखर पडो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको दमून झोपली होती. मान राहिला होता, कायदा राखणारी घोरत होती. मी स्वतःच गॅसवर चहा ठेवला आणि उकळी येईपर्यंत भिंतीपुढं उभा राहिलो. बोटं वर चालवली. जिथं थांबली तिथं बोटांना राहिलेल्या कालच्या भंडाऱ्याची पिवळी रेघ उमटली, कोळशाच्या वर. तोवर चहा उतू गेला.