हात्सुएकाकूंचा पंप

काजिया घाटाच्या माथ्यावरचा पेट्रोल पंप बंद पडला, तरी हात्सुए मुकुनोकी रोज सकाळी त्याचं अंगण झाडायची. जमिनीखालच्या टाक्यांचं वय झालं होतं, नव्या बसवणं परवडणारं नव्हतं, म्हणून तिनं आपल्या हातानं पंपाला साखळी लावली होती. नवरा गेल्यावर एकटीनं तो पंप चालवलेली बाई. बर्फात अडकलेल्या ट्रकवाल्यांना तिनं गरम सूप पाजलं होतं आणि उद्धटपणा करणाऱ्यांना तितक्याच गरम शब्दांत सरळही केलं होतं. तिच्या तोंडाला लागायची घाटात कुणाची टाप नव्हती.

आमच्याकडचं जुन्या गाड्यांचं मंडळ जन्मलं तेही तिच्याच स्टोव्हभोवती. एका हिवाळ्यात रस्ता बंद झाला, आणि दाताचे डॉक्टर कुरामोची आणि आणखी दोघं आपापल्या खटाऱ्यांसह तिथं अडकले. दुपारभर त्यांनी एकमेकांच्या इंजिनांची इतकी तारीफ केली, की शेवटी हात्सुएच म्हणाली, "एवढं प्रेम उतू चाललंय तर मंडळ काढा, म्हणजे माझा स्टोव्ह तरी सुटेल!"

त्या मंडळाला आता चाळीस वर्षं होत होती. सोहळा तळ्याकाठच्या हॉटेलात ठरला, हे हात्सुएला टोफूवाल्याकडून कळलं.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. टोफू तसाच फ्रिजमध्ये टाकून ती बसनं खाली गावात उतरली आणि मंडळाची सभा चालली होती त्या खोलीत जाऊन उभी राहिली. सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

"तळं फार छान आहे म्हणे," ती म्हणाली. "तुमच्यापैकी कोण जन्मलं होतं त्या तळ्यात? बेडूक आहात का?"

अध्यक्ष कुरामोची उठून उभे राहिले. "काकू, पहिलं नाव तुमच्याच पंपाचं निघालं होतं. सगळ्यांच्या मनात तेच होतं."

"मग विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसता."

"अर्थात नसते म्हणाले!"

"म्हणूनच नाही विचारलं," डॉक्टर कळवळून म्हणाले. "या वयात तुम्हाला त्रास. नकार देता येणार नाही अशा माणसाला कसं विचारायचं?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. आम्ही माणसं अशीच. समोरच्याची इतकी काळजी घेतो, की त्याला बिचाऱ्याला वगळूनच टाकतो.

"कुरामोची," हात्सुए म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं डॉक्टरांना कधी एकेरी हाक मारली नव्हती. "पंपातलं पेट्रोल संपलंय. मी संपलेली नाही. माझी कीव करायची असेल तर मी मेल्यावर कर. तेव्हा मला ऐकू येणार नाही."

"पण हॉटेलवाल्यांना आता काय तोंड दाखवायचं?" खजिनदार पुटपुटले.

"मी दाखवते माझं. फोन लाव."

हॉटेल रद्द झालं.

सोहळ्याच्या दिवशी हात्सुए इस्त्रीचा गणवेश आणि लाल टोपी घालून रस्त्याच्या कडेला उभी होती. एकेक गाडी हातानं खुणावत तिनं आत घेतली. पिळलेल्या फडक्यानं प्रत्येक काच पुसली, चाकांतली हवा पाहिली, प्रत्येकाच्या हातात आंबट प्लम भरलेला भाताचा गोळा ठेवला. मदतीला धावणाऱ्यांवर ती डाफरली, "गिऱ्हाईक आहात ना? मग गिऱ्हाइकासारखे गाडीत बसा!" बडी बडी माणसं निमूट जाऊन बसली. ती मनातून फार खूश होती, आणि ते लपवायचा तिनं प्रयत्नही केला नाही.

मग निघायची वेळ झाली. आमच्या पंपांवरची रीत अशी, की गिऱ्हाइकाची गाडी रस्त्यापर्यंत पोहोचवायची, रहदारी थांबवायची, टोपी काढून कमरेत वाकायचं आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत वर बघायचं नाही. पहिली गाडी निघाली आणि हात्सुए वाकली.

नेमकी पहिलीच गाडी बारकी, तीनशेसाठ सीसीची, आणि पुढं उभा चढ. गाडी धापा टाकत चालली. काकूंची पाठ दुखेल म्हणून चालवणाऱ्यानं बिचाऱ्यानं जोर केला, तशी ती आणखीच धूर ओकून मंदावली. वळण काही येईना. मागच्या गाड्यांमधली माणसं श्वास रोखून बसली. हात्सुएचे गुडघे थरथरताना सगळ्यांना दिसत होते.

अखेर कुरामोचींना राहवेना. ते गाडीतून उतरून तिच्याजवळ आले आणि हलकेच म्हणाले, "काकू, पुरे. उठा आता."

वाकल्या वाकल्याच तिनं विचारलं, "गेली?"

खोटं बोलायला डॉक्टरांनी तोंड उघडलं. मग वळणाकडे पाहिलं आणि मिटलं.

"नाही," ते म्हणाले. "अजून दिसतेय."

"मग उठा कशाला म्हणता?"

डॉक्टरांनी आपली टोपी काढली आणि ते तिच्या शेजारी कमरेत वाकले.