ओल्या विजारीचा मान

आमच्या घराण्यात होणाऱ्या व्याह्याच्या गळ्यात ओली विजार घालून त्याचा मान करायची पद्धत आहे. पद्धत फार जुनी नाही. मीच पाडली.

त्याचं असं झालं. आमची ऋतुजा हिंजवडीला नोकरीला आहे. तिथल्याच मिहिरशी तिनं लग्न ठरवलं आणि मग आम्हाला कळवलं (हीसुद्धा घराण्यातली नवीनच पद्धत). पोरगा सालस होता. प्रश्न त्याच्या वडिलांचा होता. जयंतराव पुण्याचे निवृत्त प्राध्यापक आणि दर रविवारी डोंगर चढणारे. त्यांनी निरोप धाडला, "दिवाणखान्यात पोहे खाऊन माणूस कळत नाही. तुमच्या माले गावामागे एवढा डोंगर आहे. सगळे मिळून चढू, वरच बोलू."

त्या डोंगरावर मी लहानपणी गुरांमागं अर्ध्या चड्डीत हिंडलेलो आहे. पण व्याही सोबत येणार म्हटल्यावर तोच डोंगर मला एकदम अनोळखी वाटायला लागला. ऋतुजानं तर मला समोर बसवून शिकवणीच घेतली.

"आण्णा, थंडीत चढताना तीन थर घालायचे. अंगाला लागून थर्मल, ते घाम बाहेर टाकतं. त्यावर उबेचं जॅकेट. आणि सगळ्यात वर वारा अडवणारं."

"आन् बनियन?"

"बनियन नाही."

"न्हाई म्हंजी?"

"सुती कापड आतून अजिबात नको! ते घाम पितं आणि वाळत नाही. माथ्यावर वारा लागला की कुडकुडाल. आणि चढताना गरम व्हायला लागलं की लगेच एकेक थर काढायचा." मग तिचा आवाज एकदम खाली आला. "आण्णा, मिहिरच्या बाबांना हे लग्न अजून मनापासून पटलेलं नाहीये. या वेळी काही घोळ नको हं."

मला भरून आलं. पोरीनं आजवर माझ्याकडे काही म्हणून मागितलं नव्हतं. तिच्या डोक्यावर हात ठेवून मी शब्द दिला आणि रविवारी पहाटे उठून सगळ्यात आधी बनियन घातला. (आत बनियन नसला की माणूस उघडाच असतो, वरून काहीही घाला.) त्यावर थर्मलचा सदरा, थर्मलची पांढरी विजार, वर पँट, वर दोन जॅकेटं. आमची बायको शालन म्हणाली, "अवो, हात खाली येत न्हाईत तुमचं!"

डोंगराच्या पायथ्याशी धरणाच्या पाण्यावर धुकं होतं. मिहिरबरोबर जयंतराव पातळ टीशर्टात आले होते आणि जॅकेट कमरेला बांधलं होतं. माझ्याकडे पाहून त्यांनी नमस्कार केला. मीही केला, जमेल तेवढा.

शालनच्या हातात दोन पिशव्या होत्या. आमच्या पुतण्याच्या लग्नात वधूवरांची नावं छापलेल्या पिशव्या वाटल्या होत्या, त्यातल्या उरलेल्या सगळ्या आमच्या घरी आल्या. तेव्हापासून दळण, भाजी, देवाचं सामान, सगळं त्यातूनच फिरतं. आज एकीत जयंतरावांच्या आहेराची शाल, टोपी आणि नारळ होता. दुसरी, काढलेले थर ठेवायला, रिकामी.

निम्म्या चढावर माझ्या डोळ्यांत घाम उतरला.

"एखादा थर काढा की," जयंतराव म्हणाले.

"छ्या! मला कुटं घाम येतुया!"

काढणार कसा? जॅकेट उघडलं की थर्मलच्या गळ्यातून बनियन डोकावणार आणि ऋतुजा माझ्या शेजारीच! तसाच वर गेलो. माथ्यावर भणाणता वारा होता. दोनच मिनिटांत बनियन बर्फासारखा पाठीला चिकटला आणि माझे दात वाजायला लागले. पोरगी अक्षरशः खरं बोलली होती. मी रिकामी पिशवी उचलून करवंदीच्या जाळीमागं गेलो, बनियन, थर्मलचा सदरा आणि विजार, सगळं ओलं पिशवीत कोंबलं, उघड्या अंगावर पँट आणि जॅकेटं चढवली आणि प्रसन्न चेहऱ्यानं परत येऊन पिशवी शालनच्या पायाशी ठेवली.

मग मानपानाची वेळ आली. शालननं जयंतरावांना कुंकू लावलं. ऋतुजानं मोबाइल वर धरला.

"आण्णा, इकडे बघा! हसा!"

फोटो काढताना आहेर देणारा माणूस आहेराकडे बघत नसतो, हा नियम आहे. मी मोबाइलकडे बघून हसत पिशवीत हात घातला, शाल काढली आणि जयंतरावांच्या गळ्यात घातली. शाल जरा गार लागली. म्हटलं, दव असेल.

फोटो निघाला. ऋतुजाचा चेहरा पांढरा पडला. शालननं पदर तोंडाला लावला. मी वळून पाहिलं, तर जयंतरावांच्या छातीवर माझ्या विजारीचे दोन पाय अगदी समसमान लोंबत होते.

"हे ओलं आहे," जयंतराव म्हणाले.

"व्हय," मी म्हणालो. "आमच्यात ओलंच घालत्यात."

"आणि ही विजार आहे."

"विजारच! शाल काय, कुनीबी घालतं."

"ह्यांच्या वडलांपास्नं हाय ही पद्धत," शालन म्हणाली. संसारात पहिल्यांदाच ती माझ्या बाजूनं बोलली.

"याचा अर्थ काय?" प्राध्यापकांनी विचारलं.

"म्हंजी... आमचा घाम आता तुमचाबी. सुखात आन् दुखात."

बोलून मी स्वतःच थक्क झालो. ऋतुजाचे डोळे भरले होते आणि ती श्वास रोखून त्यांच्याकडे बघत होती. जयंतरावांनी विजारीचं टोक हलकेच पिळलं. मग त्यांनी हात जोडले.

"फार अर्थपूर्ण प्रथा आहे," ते म्हणाले. "तारीख काढा."

गडबडीत शालननं ती ओल्या कपड्यांची पिशवीही त्यांच्याच हाती दिली. ते विजार गळ्यात मिरवत डोंगर उतरले, आणि चहाच्या टपरीवर सगळ्या मालेनं त्यांना पाहिलं.

साखरपुडा आमच्या दारातच झाला. सगळी भावकी जमलेली. जयंतरावांनी तीच पिशवी काढली, विजार बादलीत बुडवून हलकी पिळली आणि माइकवर म्हणाले, "ही यांच्या घराण्याची प्रथा. आमच्याकडून परतीचा मान!" आणि ती माझ्या गळ्यात घातली.

सगळ्यांनी आमच्या थोरल्या चुलतभावाकडे पाहिलं, कारण घराण्याच्या चालीरीती त्यालाच ठाऊक. आपल्याला माहीत नाही असं तो कधी म्हणत नाही.

"लई जुनी पद्धत हाय," तो म्हणाला. टाळ्या पडल्या.

जयंतराव माझ्या कानाशी वाकले. "बनियन धुऊन, इस्त्री करून पिशवीत ठेवलाय," ते हळूच म्हणाले. "सुती आहे. आतून घालत जाऊ नका, थंडी वाजते."

मी हसून मान डोलावली. विजारीचं पाणी मानेवरून नव्या झब्ब्यात उतरलं, आतल्या बनियननं ते सगळं पिऊन घेतलं, आणि लेकीच्या साखरपुडाभर मी कुडकुडत बसलो.